पौषातला पोळा

पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत माजी सैनिक म्हणून मला बोलावतात. शाल, नारळ, चहा, आणि मग मास्तर माईकवर जाहीर करतात की आता काका युद्धातला एखादा थरारक प्रसंग सांगतील. एका वर्षी मी पोरांना सांगितलं की बर्फात बसून आम्ही मेथीच्या जुड्या विकायचो आणि मेथी मुळात नव्हतीच. पोरं खिदळली. मास्तरांचा चेहरा उतरला. मी स्टेजवरून खाली आल्यावर गावातल्या एका पुढाऱ्यानं मला बाजूला घेतलं.

"काका, पोरायले शौर्याचं सांगत जा. हे नाचगाणं कायले सांगता? लोकायले वाटंल, फौजेत तमाशा पाहाले गेलते."

त्याला मी तिथल्या तिथे जे उत्तर दिलं ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही. छापण्याजोगं उत्तर खाली देतो आहे. लांबलं आहे, पण पुढाऱ्यांना लांब भाषणांची सवय असते.

मी वऱ्हाडातल्या देऊळघाटचा. घरी शेती, दोन भाऊ शेतात, मी फौजेत. नाईक होतो तेव्हाची ही गोष्ट. लढाई कोणती, ठाणं कोणतं, समोर कोण होतं, हे मी लिहिणार नाही. एकदा तोंड बंद ठेवायची शपथ घेतली की पेन्शन बसल्यावरही ती सुटत नाही. एवढंच सांगतो की उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मारामारी झाली, आमची माणसं गेली, त्यांची गेली, आणि मग बर्फ पडायला लागला. खिंड बंद झाली. आम्ही आमच्या डोंगरधारेवर आणि ते त्यांच्या. ना त्यांना खाली जाता येई, ना आम्हाला. लढाई संपली नव्हती, फक्त गोठली होती.

सिनेमे पाहून लोकांचा समज असतो की युद्धात माणूस सकाळी उठतो तो गोळ्या झाडायलाच. हिवाळी तळावरचं काम असं असतं: पहारा द्यायचा, रात्रीतून बंकरच्या तोंडावर साचलेला बर्फ फावड्यानं काढायचा, तोच बर्फ वितळवून पाणी करायचं, ते पाणी प्यायचं, आणि पुन्हा पहाऱ्याला जायचं. उरलेला वेळ बुखारीपुढे बसायचं. बुखारी म्हणजे रॉकेलवर चालणारी शेगडी. तिच्या धुरानं नाकातून काळा शेंबूड येतो आणि तिच्याशिवाय माणूस सकाळ पाहत नाही. या उरलेल्या वेळानं जेवढी माणसं खचलेली मी पाहिली तेवढी तोफांनी खचलेली पाहिली नाहीत. त्या उंचीवर रिकामा बसलेला माणूस आधी चिडतो. मग त्याची झोप जाते. मग बोलणं कमी होतं. मग तो ताट बाजूला सारतो. एकदा ताट बाजूला सारलं की खेळ खलास, कारण तिथे जेवणच तुम्हाला उभं ठेवत असतं.

माझ्या डाव्या पायाची दोन बोटं थंडीनं काळी पडली आणि मी गस्तीतून बाद झालो. आमचे सुभेदार साहेब साताऱ्याकडचे. त्यांनी मला बोलावलं.

"प्रल्हाद, गस्तीला तू आता काय कामाचा नाहीस. उद्यापासनं पोरांना हसवायचं."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"हुकूम हाय," ते म्हणाले. "एकजण जरी तोंड पाडून बसला, तर मी तुला जाब विचारणार."

अशी माझी नेमणूक झाली. हिवाळाभर मी रायफल साफ ठेवली, पण माझं हत्यार दुसरं होतं. मला त्याची लाज तेव्हा वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

साधनं काय होती म्हणाल तर काहीच नव्हती. रॉकेलचा रिकामा जेरीकॅन उलटा धरला की ढोलकी. रिकाम्या कॅनपेक्षा अर्ध्या भरलेल्या कॅनचा आवाज गोड येतो, हे ज्ञान मला फौजेनं दिलं. कॅरम होता. त्याची पावडर संपली तेव्हा आम्ही दुधाची पावडर टाकली. बुखारीच्या उबेनं ती चिकट झाली आणि सोंगट्या जिथल्या तिथे बसल्या. तरी कुणी खेळ सोडला नाही, सोंगटी नखानं खरवडून काढायची आणि पुन्हा मारायची. रेडिओचे सेल गारठून मरायचे म्हणून ते काखेत धरून बसायचं. बातम्या ऐकायच्या असतील त्यानं आधी तासभर सेल उबवायचे, असा नियमच केला होता. गाण्यांसाठी उबवायला रांग लागायची, बातम्यांसाठी मात्र नाव पुकारावं लागायचं.

बर्फाचा एक पहारेकरी केला होता. त्याचं नाव बरफसिंग. फाटका कोट, डोक्यावर टोपी, खांद्यावर काठी. आमच्या मोर्च्यापासून लांब, समोरच्यांना नीट दिसेल असा उभा केला. पहिल्या सकाळी त्यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. आम्ही त्याची छाती लिंपली आणि पुन्हा उभा केला. असं बऱ्याच सकाळी चाललं. त्यांनाही गोळ्या पाठीवर लादूनच वर आणाव्या लागत, त्यामुळे बरफसिंगनं देशाची सेवा आमच्यातल्या काहीजणांपेक्षा जास्त केली असं मी मानतो. मग एका दिवशी समोरच्या धारेवरही एक बर्फाचा माणूस उगवला. त्याच्या मिशा आमच्या बरफसिंगपेक्षा झोकदार होत्या. आमची पोरं दोन दिवस फुरंगटून होती.

पण माझी सगळ्यात चाललेली युक्ती म्हणजे आठवडी बाजार. ही माझी एकट्याची नाही, यात समाधानचा मोठा वाटा.

समाधान आमच्याच भागातल्या साखरखेर्ड्याचा शिपाई. घरचे भाजीपाला पिकवणारे, लहानपणापासून बाजारात बसलेला. त्याच्या तोफेसारख्या आवाजानं बंकरचं छत हलायचं. त्याचा जोडीदार शेषराव उंद्रीचा. दोघं भरती एकत्र झाले, शिकले एकत्र, आणि उताराखाली, खिंडीच्या अलीकडे असलेल्या साठ्यावरून रॉकेल आणायची पाळीही एकत्रच मागून घ्यायचे. तर आठवड्यातून एकदा आम्ही मोठ्या बंकरमध्ये बाजार भरवायचो. घोंगडी अंथरायची आणि तिच्यावर काहीच मांडायचं नाही. समाधान त्या रिकाम्या घोंगडीमागे उकिडवा बसून ओरडायचा, "घ्या मेथी, कोथमीर घ्या, आत्ताच तोडून आणली, दहिवर सुकलं नाई अजून." ताजी भाजी आम्ही कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. डब्यातले मटार पाहिले की माणसं तोंड फिरवायची. अशात हा माणूस हवेत जुडी धरून पाणी शिंपडायचा.

शेषराव गिऱ्हाईक. कधीच काही न घेणारं गिऱ्हाईक. हवेतली वांगी उचलायचा, दाबून पाहायचा, देठ मोडायचा.

"हे किडकं हाये."

"तुया डोळा किडका हाये. वांगं ठेव खाली."

"काल उंद्रीत याच्यापेक्षा चांगले होते."

"मंग जा उंद्रीले. पाह्य, खिंड उघडी हाये काय."

आम्ही पोट धरून हसायचो. एकदा आमचे कॅप्टन साहेब वाकून आत आले. तरुण माणूस, दक्षिणेकडचा, मराठी येत नसे. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "फूलगोभी कैसे दी?" समाधाननं भाव सांगितला. साहेबांनी कमी करायला सांगितलं. "साहब, इस भाव में तो पत्ता भी नहीं आएगा," असं समाधान म्हणाला आणि साहेब पत्ताच घेऊन गेले, दोन बोटांत धरून, अगदी बंकरच्या बाहेरपर्यंत. असे अधिकारी मिळायला नशीब लागतं.

आणि मग ती दुपार आली. दोघं रॉकेल घेऊन वर येत होते. त्या उतारावर माणसांनी अंतर ठेवून चालायचं असतं, म्हणजे बर्फ सुटला तर दोघं एकदम जाणार नाहीत. त्यांनी नियम पाळला होता. समाधान पुढे होता. मागे आवाज झाला आणि त्यानं वळून पाहिलं तेव्हा उतार होता, शेषराव नव्हता.

आम्ही सगळे धावलो. फावडी, काठ्या, हातानं उकरलं. वरचा उतार पुन्हा कुरकुरायला लागला तेव्हा कॅप्टन साहेबांनी शोध थांबवला. समाधान ऐकेना, त्याला तिघांनी धरून आणलं. शेषराव सापडला तो बर्फ वितळल्यावर, उन्हाळ्यात, आणि तेव्हा मी माझा पाय घेऊन खालच्या दवाखान्यात पडलो होतो. त्याला उचलायला मी नव्हतो ही माझी खंत आहे आणि ती राहणार.

फौजेत माणूस गेला की त्याला मान देतात. बिगुल वाजतो, जवान हवेत फैरी झाडतात. शेषरावला यातलं काही मिळालं नाही. देह नव्हता. डोक्यावर सुटायला टपलेला उतार होता आणि समोर कान लावून बसलेले लोक. आम्ही टोप्या काढून उभे राहिलो आणि परत टोप्या घालून आत गेलो. त्या दिवसापासून कॅप्टन साहेबांचा हुकूम झाला की तळावर आवाज खाली. आपण किती उरलो, कुठे बसतो, हे समोर कळता कामा नये.

समाधान त्यानंतर बोलला नाही. पहारा द्यायचा, फावडं मारायचा, पण विचारलं तर उत्तर नाही. मग ताट सारायला लागला. आमच्याबरोबर औषधोपचारापुरतं शिकलेला एक नर्सिंग असिस्टंट होता. त्यानं ग्लुकोजचं पाणी पाजून पाहिलं. नंतर तो सुभेदार साहेबांना आणि मला म्हणाला की हेलिकॉप्टर या हवेत येत नाही, पायवाट बंद आहे, आणि हा असाच उपाशी राहिला तर थंडीच त्याला नेईल, फार दिवस लागणार नाहीत.

सुभेदार साहेबांनी त्याला झापलं. कॅप्टन साहेब त्याच्याजवळ बसून हळू आवाजात बोलले. मी बाजार भरवला. घोंगडीमागे मी स्वतः बसलो आणि मेथी विकली. कुणी हसलं नाही. समाधान उठून पहाऱ्यावर गेला, त्याची पाळी नसताना.

मला तेव्हा राग आला. बर्फाचा, समोरच्यांचा, समाधानचाही. एक माणूस बर्फानं नेला, तो आम्हाला न विचारता नेला. दुसरा आमच्या डोळ्यांदेखत, बुखारीपुढे बसवून न्यायचा, हे मी होऊ देणार नव्हतो. राग आला की मला नेहमी काहीतरी सुचतं. मला पोळा सुचला.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याला आमच्याकडे बैल सजवून तोरणाखाली उभे करतात आणि मग झडत्या होतात. झडती म्हणजे यमक जुळवून केलेली चढाई. एकजण पुढे होतो, समोरच्याच्या गावाची, पाटलाची, सासुरवाडीची खिल्ली उडवतो, शेवटी "हर बोला" म्हणतो आणि सगळं गाव "हर हर महादेव" म्हणून गरजतं. समोरच्यानं उलट झडती द्यायची. दिली नाही तर तो एकटा हरत नाही, त्याचं गाव हरतं, आणि वर्षभर ऐकून घेतं. झडतीत लहानमोठा नसतो, नाईक-शिपाई नसतो. काहीही बोलावं, पथ्य एकच. बैलाला नाव ठेवायचं नाही. त्या दिवशी तो देव असतो, त्याच्या अंगावर काठी तर नाहीच, वाकडा शब्दही जाता कामा नये.

समाधान हा साखरखेर्ड्याचा झडतीवाला होता. शेषराव सांगायचा की त्याला आजवर कुणी गप्प केलं नाही.

सुभेदार साहेबांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

"पोळा श्रावणात असतो रं. हा पौष चाललाय."

"साहेब, श्रावणातल्या पोळ्याले आपण दोरावर लटकून चढत होतो. तो बाकी राह्यला हाये."

"आणि त्या आजारी पोराला चारचौघांत चिडवायचं? बरं दिसतं का?"

"मरू देणं बरं दिसते काय?"

ते उठले. मला घेऊन कॅप्टन साहेबांकडे गेले आणि त्यांनीच विषय काढला.

"साहब, पोला मनाना है. बैलों का त्योहार."

"यहाँ बैल कहाँ हैं?"

"बना लेंगे, साहब."

साहेबांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. हर हर महादेव म्हणायचं ते कुजबुजत. आवाज धारेपलीकडे गेला तर पोळा तिथेच संपला. कुजबुजत हर हर महादेव म्हणणारी पलटण जगात आमची एकच असेल.

बैल झकास झाला. आमच्यातले दोघं जाडजूड गडी बर्फात लपायच्या पांढऱ्या कापडाखाली वाकले. बर्फ फोडायच्या दोन कुऱ्हाडी शिंगं म्हणून बांधल्या, शिंगांना बुटाच्या नाड्या, पाठीवर घोंगडीची झूल. शेपटीला दोर. तोरण टेलिफोनच्या जुन्या तारेचं, त्याला डब्यांची झाकणं लटकवली, ती वाऱ्यानं किणकिणत होती. पुरण केलं. त्या उंचीवर हरभऱ्याची डाळ शिजणं हे शत्रूला हरवण्याइतकंच अवघड असतं, प्रेशर कुकरच्या शिट्यांवर शिट्या झाल्या आणि दिवस गेला, पण शिजली. बंकरांच्या मधल्या खळग्यात, दुपारच्या उन्हात, आम्ही सगळे जमलो. समाधानला दोघांनी आणून तोरणाजवळ खोक्यावर बसवलं. तो जमिनीकडे पाहत होता.

मी लंगडत पुढे झालो.

"साखरखेर्डा नावाले गोड,
पाहुण्याले म्हणते वाट आता सोड,
चहाच्या कपाले पाण्याची जोड,
हर बोला!"

"हर हर महादेव," सगळे घशातल्या घशात पुटपुटले. बैलाचा मागचा अर्धा भाग हसून गदगदला. समाधान हलला नाही.

मी दुसरी दिली, त्यांच्या बाजारावर. तिसरी, त्यांच्या बोलीवर, की अर्धी वऱ्हाडातली आणि अर्धी जालन्याकडून पाहुणी आलेली. चौथी त्याच्या होणाऱ्या सासऱ्यावर. प्रत्येक वेळी कुजबुज, आणि प्रत्येक वेळी समाधान तसाच. माझ्याकडच्या झडत्या संपत आल्या. रचलेल्या संपल्या, ऐकलेल्या संपल्या, माझा पाय ठणकत होता आणि सुभेदार साहेब मला खुणेनं पुरे म्हणत होते. पुरे म्हणजे काय, ते मला माहीत होतं. त्याला परत आत नेऊन बुखारीपुढे बसवायचं आणि पाहत राहायचं. मी मान हलवली आणि जे तोंडात आलं ते म्हणालो.

"साखरखेर्ड्याचा बैल मरतुकडा,
शिंगं वाकडी न पाय तोकडा..."

आणि जीभ चावली. वऱ्हाडातली जेवढी पोरं होती ती माझ्याकडे बघत राहिली. बैलानंसुद्धा कापडाखालून मान वर करून पाहिलं. साताऱ्याकडच्यांना काही कळेना. मी देऊळघाटचा, शेतकऱ्याच्या घरचा, पोळ्याच्या तोरणाखाली उभा राहून बैलाला मरतुकडा म्हणालो होतो. माझ्या वडिलांनी ऐकलं असतं तर मला घरात घेतलं नसतं. बैल कापडाचा होता, पण तो हिशेब त्या क्षणी कुणाच्या डोक्यात नव्हता, माझ्याही नाही.

"काऊन बे?"

आवाज फाटका होता, बरेच दिवस न वापरलेला. समाधान उभा राहिला होता.

"पोळ्याच्या दिवशी बैलाले नाव ठेवतं काय बे? लाज नाई वाटत? त्यानं काय केलं तुयं?"

तो डगमगत बैलाकडे गेला. त्याच्या कपाळावर, म्हणजे कुणाच्या तरी पाठीवर, हात फिरवला. मग तोरणाखाली आला, माझ्यासमोर, छातीला छाती लावून. मला वाटलं मारतो आता. त्यानं श्वास घेतला.

"देऊळघाटचा गडी तोंडाचा सैल,
पोळ्याच्या दिवशी हिणवते बैल,
याले जुपा औताले, फिरवा चार मैल,
हर बोला!"

कुजबुजायचं कुणाला आठवलं असतं? सगळा तळ गरजला. मीही गरजलो, माझ्याच विरुद्धच्या झडतीला. तो आवाज पलीकडच्या धारेवर आपटून परत आला आणि त्याच्यामागोमाग समोरून मशीनगन सुरू झाली. त्यांना वाटलं असणार की वेड्यांनी भर पौषात हल्ला चढवला. आम्ही चरात उड्या टाकल्या. बैल मधोमध फाटून दोन दिशांना पळाला. गोळ्या तोरणाच्या बऱ्याच वरून, खडकावर जात होत्या, आणि चरात पडलेली पोरं हसत होती, हसता हसता रायफली सरळ करत होती. माझ्या शेजारी समाधान पडला होता. त्याची रायफल त्याच्या हातात होती. ती त्याला कुणी दिली नव्हती, त्यानं स्वतः उचलली होती.

थोड्या वेळानं समोरचे थांबले. कॅप्टन साहेब वाकून चरातून आमच्याकडे आले. चेहरा लाल होता, थंडीनं की रागानं ते कळत नव्हतं. सुभेदार साहेबांनी सावधान केल्यासारखं अंग आखडलं. मी शिक्षा ऐकायच्या तयारीत होतो.

समाधान त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसला.

"साहब," तो म्हणाला, "शेषराव के नाम की एक बाकी है."

साहेबांना समजलं नाही. सुभेदार साहेबांनी दोन वाक्यांत सांगितलं. कॅप्टन साहेबांनी समाधानकडे पाहिलं, मग मशीनगननंही न हललेल्या त्या उताराकडे, मग समोरच्या धारेकडे. मी त्यांना विचार करताना पाहत होतो. हुकूम त्यांचाच होता.

"उनको तो पता चल ही गया," ते म्हणाले. "चलो, अब पूरा पता चलने दो. बोल."

समाधान उठला नाही. चरातच, गुडघ्यांवर, तोंड त्या उताराकडे करून त्यानं झडती दिली. ती त्यानं तिथे रचलेली नव्हती. मला ऐकताच कळलं की इतके दिवस तो गप्प होता म्हणजे रिकामा नव्हता.

"खांदा नाई देला, झाली नाई माती,
बरफाच्या खाली दडली त्याची छाती,
शेषराव गड्या, आम्ही तुये साथी,
हर बोला!"

आम्ही जे ओरडलो ते त्या डोंगरानं तेव्हापासून ऐकलं नसेल. साहेब ओरडले, त्यांच्या दक्षिणी उच्चारात. सुभेदार साहेब ओरडले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर येऊन तिथेच गोठत होतं. समोरून पुन्हा फैर झाली. आम्ही पुन्हा ओरडलो. पुन्हा फैर. आम्ही तिसऱ्यांदा ओरडलो आणि त्यांनी तिसऱ्यांदा झाडल्या, सगळ्या हवेत, आमच्या डोक्यांवरून. ज्या फैरी आम्हाला शेषरावसाठी झाडता आल्या नव्हत्या त्या शत्रूकडून झाडून घेतल्या, आणि त्या त्यांनी आम्हाला घाबरून झाडल्या. कुठल्या शहिदाला यापेक्षा मोठी सलामी मिळाली असेल तर मला सांगा, मी शाळेत तीच गोष्ट सांगेन.

मग शांत झालं. वारा आणि तोरणाच्या झाकणांचा आवाज. समाधान उताराकडे तोंड करून बसला होता तो वळला. चेहरा ओला होता, नाक वाहत होतं. त्यानं हातमोज्यानं ते पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ," तो म्हणाला, "पुरण कुठी ठेवलं? वाढा."